सुवाहक आणि दुर्वाहक : एका जुन्या पाठाचा पुनर्विचार



प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत विजेचा पाठ शिकविताना फळ्यावर दोन रकाने आखण्याची प्रथा फार जुनी आहे. एका रकान्यात तांबे, चांदी, लोखंड, ॲल्युमिनियम. दुसऱ्यात लाकूड, रबर, काच, कापड, चिनीमाती. पहिल्यावर ‘सुवाहक’ आणि दुसऱ्यावर ‘दुर्वाहक’ असे शीर्षक लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत ‘लाकूड हे विजेचे दुर्वाहक आहे’ हे वाक्य बिनचूक आले, की पाठ सिद्धीस गेला असे मानले जाते. परंतु त्याच मुलाने शाळा सुटल्यावर तारेत अडकलेला पतंग काढण्यासाठी बांधावरची ओली काठी उचलली, आणि ‘लाकूड तर दुर्वाहक आहे’ म्हणून तो निर्धास्त राहिला, तर त्या पाठाचे काय मोल राहिले? खेड्यात आज घरोघरी वीज आहे, विहिरीवर मोटार आहे, शेताच्या कडेला डी.पी. उभी आहे. अशा परिस्थितीत हा पाठ केवळ गुणपत्रिकेपुरता उरत नाही. मुलाच्या जिवाशी त्याचा संबंध येतो. म्हणून या दोन रकान्यांचा अर्थ मुळापासून तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करावा. मराठीत या संज्ञा मोठ्या विवेकाने घडल्या आहेत. ‘सुगम’ म्हणजे जेथे सहज जाता येते ते, आणि ‘दुर्गम’ म्हणजे जेथे कष्टाने जाता येते ते. मुळीच जाता येत नाही तो ‘अगम्य’. ‘दुर्लभ’ वस्तू मिळण्यास कठीण असते, पण ती मिळतच नाही असे नव्हे. तोच न्याय येथे लावावा. सुवाहकातून वीज सहज वाहते. दुर्वाहकातून ती कष्टाने, अत्यल्प प्रमाणात वाहते. दुर्वाहक म्हणजे ‘अवाहक’ नव्हे. हा भेद प्रकाराचा कमी आणि प्रमाणाचा अधिक आहे, ही गोष्ट ‘दुर्’ या एका उपसर्गात साठविलेली आहे. शिक्षकाने पाठाचा आरंभ या शब्दाच्या फोडीनेच केला, तर भाषेचा आणि विज्ञानाचा असे दोन्ही पाठ एकाच वेळी साधतील.

हा भेद मनुष्याच्या ध्यानात कसा आला, ती हकीकत मुलांना सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात स्टीफन ग्रे नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. त्याचा पिढीजात धंदा रंगाऱ्याचा. वृद्धापकाळी तो लंडनमधील चार्टरहाउस या धर्मादाय संस्थेच्या आश्रयाने राहत असे. १७२९ साली काचेची एक नळी घासून तो तिच्यातील विजेचे प्रयोग करीत होता. धूळ आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडांना त्याने बुचे बसविली होती. नळी घासल्यावर जवळचे पीस नळीकडे ओढले जावे, हे अपेक्षितच होते. पण ते बुचाकडेही ओढले गेले. बूच तर कोणी घासले नव्हते. याचा अर्थ, नळीतील गुण बुचात उतरला होता. ग्रे याने बुचात एक काडी खोचली, काडीच्या टोकाला हस्तिदंती गोळी लावली. गुण गोळीपर्यंत पोहोचला. मग काडीच्या जागी सुतळी बांधून गोळी उंचावरून खाली सोडली. तरीही तो पोहोचला.

पुढे सुतळी आडवी नेण्याचा प्रसंग आला, तेव्हा प्रयोग फसला. सुतळीला आधार म्हणून त्याने तुळईच्या खिळ्यापासून सुतळीचेच फासे सोडले होते, आणि वीज गोळीपर्यंत न जाता त्या फाशांतून तुळईत निघून जात होती. केंट परगण्यातील ग्रॅन्व्हिल व्हीलर या मित्राने आधारासाठी रेशमाचा दोरा सुचविला. रेशीम बारीक असल्यामुळे त्यातून थोडीच वीज गळेल, अशी अटकळ होती. प्रयोग यशस्वी झाला आणि सुमारे ८० फूट अंतरावरची गोळी पिसे ओढू लागली. नंतर सुतळी अधिक लांबविली तेव्हा तिच्या भाराने रेशीम तुटले. दोघांनी रेशमाइतकीच बारीक पण बळकट अशी पितळेची तार आधाराला लावली. जाडीचाच प्रश्न असता तर हा प्रयोगही साधावयास हवा होता. परंतु गोळीपाशी विजेचा मागमूसही उरला नाही. तेव्हा उलगडा झाला, की आधार बारीक आहे की जाड, याला महत्त्व नसून तो कशाचा आहे याला महत्त्व आहे. पितळ वीज वाहून नेते, रेशीम ती अडविते. पदार्थांची ही विभागणी अशा रीतीने एका तुटलेल्या दोऱ्यापासून सुरू झाली.

या हकीकतीतील एक बाब चाणाक्ष विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटणार नाही. ग्रे याची वीज ज्या दोरीतून वाहत गेली ती धातूची तार नव्हे, साधी सुतळी होती. आणि शाळेच्या फळ्यावर तर दोरा, कापड, सुतळी यांची जागा दुसऱ्या रकान्यात असते! मग कोष्टक चुकले की ग्रे? दोघेही चुकले नाहीत. घासलेल्या काचेवरील विजेचा दाब हजारो व्होल्ट असतो, आणि एक पीस ओढण्यास अतिशय अल्प वीज पुरते. सुतळीच्या धाग्यांत हवेतील ओलावा मुरलेला असतो. एवढ्या मोठ्या दाबाखाली एवढी अल्प वीज वाहून नेण्यास ती दमट सुतळी समर्थ ठरली. पाठ्यपुस्तकातील विजेरीच्या प्रयोगात मात्र दाब जेमतेम दीड व्होल्ट असतो आणि दिवा पेटण्यास बराच प्रवाह लागतो. तेथे तीच सुतळी निरुपयोगी ठरते. पदार्थ एकच, परिस्थिती पालटताच त्याचे वर्तन पालटले.

आता या भेदाचे कारण पाहू जाता पदार्थाच्या अंतरंगात शिरावे लागते. १८९७ साली जे. जे. टॉमसन याने इलेक्ट्रॉन या अतिसूक्ष्म ऋणभारित कणाचा शोध लावला, आणि विजेचे वहन म्हणजे काय ते स्पष्ट होऊ लागले. तांब्यासारख्या धातूत प्रत्येक अणूचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन आपल्या अणूशी जखडलेला राहत नाही. तो साऱ्या धातूभर हिंडण्यास मोकळा असतो. एक घन सेंटिमीटर तांब्यात अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या ८५ वर एकवीस शून्ये इतकी भरते. तारेच्या दोन टोकांना विजेरी जोडली की हा सारा समुदाय एका दिशेने सरकू लागतो. काच, चिनीमाती, रबर यांत इलेक्ट्रॉन नसतात असे नव्हे. तेही असंख्य असतात. पण तेथे प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या अणूंच्या बंधात गुंतलेला असतो आणि साध्या दाबाने तो सुटून येत नाही.

मुलांच्या मनात येथे एक प्रश्न हमखास उभा राहतो : बटण दाबताच दिवा लागतो, तर इलेक्ट्रॉन किती वेगाने धावत असतील? उत्तर आश्चर्यकारक आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असता इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी सरकतात; गोगलगायदेखील त्यांना सहज मागे टाकील. दिवा तत्काळ लागतो याचे कारण असे, की तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. काठोकाठ भरलेल्या पाण्याच्या नळीत एका टोकाने पाणी लोटले की दुसऱ्या टोकाने लगेच पाणी पडते. लोटलेलाच थेंब तेथवर धावत गेलेला नसतो. तद्वत् हे आहे.

दोन्ही प्रकारांतील अंतर किती मोठे आहे, याची कल्पना आकड्यांनीच येईल. सारख्याच लांबीजाडीचे तांबे आणि काच घेतली, तर काचेचा विरोध तांब्याच्या विरोधाच्या एकावर अठरा ते बावीस शून्ये इतक्या पटीने अधिक भरतो. मोहरीचा दाणा आणि सूर्याचा गोल यांच्या व्यासांची तुलना केली तरी ती सुमारे एकावर बारा शून्ये इतकीच होते. या अफाट अंतराच्या मधोमध सिलिकन व जर्मेनियम यांसारखे अर्धवाहक पदार्थ येतात. अर्धवाहकांच्या विद्येत भारताचाही आरंभीचा वाटा आहे. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युत्-लहरी टिपणाऱ्या साधनासाठी जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मास आला. आणि आज शेतातल्या सौरपंपाच्या पट्ट्यांपासून शिक्षकाच्या हातातील भ्रमणध्वनीपर्यंत सर्वत्र सिलिकनचेच राज्य आहे. एकाच मूलद्रव्याची दोन रूपेही या बाबतीत भिन्न असू शकतात. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि हिरा हे दोन्ही शुद्ध कार्बनच. पण ग्रॅफाइटमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असल्याने ते वीज वाहून नेते, आणि हिऱ्यात सर्वच्या सर्व बंधांत अडकलेले असल्याने हिरा ती अडवितो.

आता ज्या कारणास्तव हा विषय हाती घेतला, त्याकडे वळावे. दुर्वाहकाचे दुर्वाहकपण तीन गोष्टींनी नाहीसे होते : ओलाव्याने, उष्णतेने आणि विजेच्या वाढत्या दाबाने.

ओलाव्याचे कार्य सर्वांत नित्याचे व सर्वांत घातक. अगदी शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. परंतु विहिरीचे, नळाचे किंवा घामाचे पाणी कधीच शुद्ध नसते. त्यात विरघळलेल्या क्षारांचे भारित कण असतात आणि तेच वीज वाहून नेतात. म्हणून वाळलेले लाकूड वीज अडविते, पण नुकतीच तोडलेली हिरवी फांदी, भिजलेला बांबू, पावसात चिंब झालेली दोरी यांतून ती वाहते. उष्णतेचे उदाहरण काचेचेच आहे : थंड काच उत्तम दुर्वाहक, परंतु वितळण्याइतकी तापविली की तीच वीज वाहून नेऊ लागते. दाबाचे उदाहरण हवेचे. कोरडी हवा चांगली दुर्वाहक आहे. पण दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट इतका दाब पडला की तिचाही बांध फुटतो आणि ठिणगी उडते. आकाशातील वीज म्हणजे असाच फुटलेला बांध होय. जी वीज मेघापासून भूमीपर्यंतची हवा भेदून आली, तिला बोटभर जाडीचा रबरी तळवा काय अडविणार? तेव्हा पायांत रबरी चपला आहेत म्हणून मुलाने वादळात झाडाखाली उभे राहावे, ही समजूत सर्वथा चुकीची आहे. शिवाय काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते. तिचे प्रमाण पुरेसे असल्यास ते रबरही काही अंशी वाहक बनते.

याहून सूक्ष्म असा एक धोका वर्गातील प्रयोगातच दडलेला आहे, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. विजेरी, दिवा आणि मध्ये तपासावयाचा पदार्थ, अशी जोडणी करून ‘दिवा लागला तर सुवाहक, न लागला तर दुर्वाहक’ असा निष्कर्ष काढला जातो. एखादा जिज्ञासू मुलगा मध्ये स्वतःची बोटे ठेवतो. दिवा लागत नाही. ‘माणसाचे शरीर दुर्वाहक आहे’ असे तो मनाशी ठरवितो. हा निष्कर्ष प्राणघातक आहे, आणि तो का घातक आहे हे साध्या भागाकाराने दाखविता येते.

विजेरीच्या दिव्याला पेटण्यास साधारण २०० ते ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ओल्या त्वचेच्या शरीराचा विरोध सुमारे १,५०० ओहम धरला, तर दीड व्होल्टच्या विजेरीने त्यातून केवळ १ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. एवढ्याने दिवा कसा पेटावा? आता घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट घ्यावा. २३० ला १,५०० ने भागले तर सुमारे १५० मिलिअँपिअर येतात. घरातील माणसांचे रक्षण करण्यासाठी बसविलेले गळती-रोधक स्विच केवळ ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडण्यासाठी बनविलेले असतात, कारण त्याहून अधिक प्रवाह क्षणभराहून जास्त काळ शरीरातून गेला तर हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो. याचा अर्थ असा, की विजेरीचा इवलासा दिवा पेटविण्यास जो प्रवाह पुरत नाही, तोच मनुष्याचा प्राण घेण्यास पुरून उरतो. न पेटलेला दिवा ‘येथून वीज जातच नाही’ असे सांगत नाही. ‘मला पेटण्याइतकी वीज येथून येत नाही’ एवढेच तो सांगतो. प्रयोगाचे उत्तर आणि त्या उत्तराची मर्यादा ही दोन्ही शिकविणे म्हणजेच विज्ञान शिकविणे होय.

ही मर्यादा मुलांना डोळ्यांनी दाखविता येते, आणि त्याला खर्चही थोडा लागतो. विजेरीचे चार सेल, एक लाल एल.ई.डी., तिच्याशी जोडलेला सुमारे ४७० ओहमचा रोधक आणि दोन खिळे एवढे साहित्य पुरे. एल.ई.डी.ला एक-दोन मिलिअँपिअर प्रवाहही दिसण्याइतपत पुरतो. म्हणून साधा दिवा जेथे मुका राहतो तेथे ती बोलू लागते. प्रथम साध्या दिव्याने खिळा, नाणे, किल्ली, खडू, काचेची बांगडी, वाळलेली काडी, सुती दोरा आणि विहिरीचे पाणी तपासावे व निकाल लिहून ठेवावा. मग तेच पदार्थ एल.ई.डी.ने तपासावेत. पेल्यातील विहिरीच्या पाण्यात खिळे एकमेकांजवळ, पण न चिकटविता धरले की एल.ई.डी. मंद उजळते, चिमूटभर मीठ टाकताच तिचे तेज वाढते. कोरडा दोरा तिला पेटवीत नाही. तोच दोरा मिठाच्या पाण्यात भिजवून खिळे बोटभर अंतरावर टेकविले की अंधाऱ्या कोपऱ्यात तिचा प्रकाश दिसतो. पहिल्या यादीतील ‘दुर्वाहक’ दुसऱ्या यादीत वाहक कसे झाले, हा प्रश्न मुलांनीच विचारावा आणि मुलांनीच त्याचे उत्तर शोधावे. हे सर्व प्रयोग सेलवरच करावयाचे. भिंतीवरील खटक्याच्या विजेवर कोणताही प्रयोग कोणीही, शिक्षकानेदेखील, करू नये. हा नियम निरपवाद समजावा.

वर्गाबाहेर पडले की गावचा विजेचा खांब हे एक मोठे शैक्षणिक साधनच आहे. मात्र ते दुरून पाहावयाचे. खांबावरच्या बहुतेक तारांवर कसलेही वेष्टन नसते. त्या उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात. तार आणि खांब यांच्यामध्ये चिनीमातीचा जो निरोधक असतो, त्याला छत्र्यांसारखी वलये असतात. ती शोभेसाठी नसतात. पाऊस पडला तरी छत्रीखालचा भाग कोरडा राहावा आणि पाण्याची सलग वाट तारेपासून खांबापर्यंत तयार होऊ नये, हा त्यांचा हेतू. निरोधकाला इंग्रजीत जो शब्द आहे तो लॅटिन भाषेतील ‘बेट’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. बेटाला पाणी जसे चहूकडून भूमीपासून तोडते, तसा निरोधक तारेला चहूकडून अलग ठेवतो. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जवळजवळ एकाच दाबावर असतात आणि ते दुसऱ्या तारेला किंवा जमिनीशी जोडलेल्या वस्तूला शिवत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्याला मात्र ही सवलत नाही. त्याच्या हातातील ओली काठी तारेला लागली, की काठी, शरीर आणि भूमी मिळून एक सलग वाट तयार होते.

एवढे समजल्यावर पुढील सूचना मुलांना आज्ञेसारख्या वाटणार नाहीत; त्यांमागील कारण त्यांना ठाऊक असेल. पतंग तारेत अडकला तर तो सोडून द्यावा. चिंचा-आंबे पाडण्यासाठी तारेजवळच्या झाडावर काठी किंवा आकडी चालवू नये. कपडे वाळत घालण्यासाठी घराच्या वीजवाहिनीजवळ लोखंडी तार बांधू नये; कोरडी दोरी बांधावी. ओल्या हाताने खटका दाबू नये, मोटारीचा स्टार्टर हाताळू नये. तुटून पडलेली तार दिसल्यास किमान १० मीटर दूर राहावे, इतरांना अडवावे आणि वडीलधाऱ्यांकरवी १९१२ या क्रमांकावर कळवावे. आजूबाजूची ओली जमीनही तेव्हा वाहक झालेली असते. घरात कोणाला विजेचा धक्का बसला तर त्याला हात न लावता आधी मुख्य खटका बंद करावा. ते शक्यच नसेल तर मोठ्या माणसाने कोरड्या जागेवर उभे राहून खडखडीत वाळलेल्या लाकडाने त्याला दूर करावे. पण हा उपाय घरातील विजेपुरताच आहे. डी.पी.कडे येणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारांपाशी कोणतेही लाकूड भरवशाचे नाही.

शेवटी फळ्यावरील त्या कोष्टकाविषयी. ते पुसून टाकण्याचे कारण नाही. त्यात एक रकाना वाढविला म्हणजे पुरे. ‘पदार्थ’ आणि ‘वाहक की दुर्वाहक’ यांच्या मध्ये ‘कोणत्या स्थितीत’ असा रकाना आखावा. लाकूड : वाळलेले, दुर्वाहक, ओले, वाहक. दोरा : कोरडा, दुर्वाहक, भिजलेला, वाहक. पाणी : शुद्ध, मंद वाहक; खारट, वाहक. हवा : सामान्य दाबाखाली दुर्वाहक, विजेच्या कडकडाटात वाहक. ग्रे आणि व्हीलर यांनी रेशमाच्या जागी पितळ लावून आपलीच अटकळ पारखून पाहिली, तशी मुलांनी या कोष्टकातील प्रत्येक नोंद पारखून पाहावी. जून महिन्यात शाळा उघडतात त्याच सुमारास पाऊस सुरू होतो, भिंती ओलावतात, तारा लोंबकळतात. अभ्यासक्रमात विजेचा पाठ पुढे केव्हाही येवो, मधला रकाना मात्र पहिल्या पावसाच्या आतच फळ्यावर लिहिला जावा.